भावजय हरवली तो सोमवार

“भावजय काढ,” जोतीदादा म्हणाले.

मी नुसताच माउस फिरवत राहिले.

“अगं, भावजय काढ की. दहा चाळीस झालं. अकराला माणूस टपकतोय.”

“काढते.”

“कुठं गेली?”

“इथंच आहे, दादा. जरा जागा बदललीय.”

“भावजयीनं?”

कुणाच्या घरातली बाई हरवली होती असा गैरसमज नको. भावजय हा एक आवाज होता. कॉम्प्युटरच्या पोटात वाजणारा एक कीबोर्ड असतो, सॉफ्टवेअरचा. त्याची शे-दीडशे बटणं फिरवून फिरवून एखादा आवाज मनासारखा जमला की त्याला नाव देऊन साठवून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी नाव शोधलं की तो तयार. पुण्यातल्या माझ्या साउंड इंजिनीअरिंगच्या डिप्लोमात त्याला प्रीसेट म्हणायचे. जोतीदादा टोन म्हणायचे. असे अकराशे चाळीस टोन त्यांनी सोळा वर्षांत साठवले होते आणि त्यांची नावं ठेवताना त्यांनी कुणाचीही भीड बाळगली नव्हती. अक्षरं इंग्रजी, भाषा घरची. ‘तहसीलदार’, ‘धाकटी मावशी’, ‘म्हैस सुटली’, ‘सासरा जेवायला’, ‘पोटात गोळा’, ‘तहसीलदार रिटायर’. नवख्या माणसाला ती यादी वाचून संगीत करायचंय की लग्नाच्या पत्रिका वाटायच्यात तेच कळलं नसतं.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. स्टुडिओ कोल्हापुरात होता, एका कांडप मशीनच्या डोक्यावर. खाली मिरची कुटायला लागली की वर गाणारा शिंकायचा. चांगल्या चांगल्या भक्तिगीतांचे अंतरे त्या शिंकांनी वाया घालवले. कांडप सोमवारी बंद असायचं, म्हणून गाणारे आणि महत्त्वाची माणसं दादा सोमवारीच बोलवायचे. त्या सोमवारी येणारा माणूस तर फारच महत्त्वाचा होता.

त्याचं नाव ओजस गद्रे. पुण्याचा, तिशीतला, पहिलाच सिनेमा करत होता. गोष्ट एका तालमीत रोज दूध घालणाऱ्या बाईची. पार्श्वसंगीत कोल्हापूरच्याच माणसाकडून करून घ्यावं असं त्याच्या डोक्यात आलं होतं आणि कुणीतरी त्याला जोतीराम सुतार हे नाव सांगितलं होतं. त्याने तीन प्रसंग पाठवले. ते ऐकून त्याच दिवशी तो काय ते सांगणार होता.

दादा छप्पन वर्षांचे. बेंजो पार्टी झाली, ऑर्केस्ट्रा झाला, गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर उभं राहून कीबोर्ड बडवून झाला, लग्नं झाली, नगरसेवकांची प्रचारगीतं झाली. सिनेमा तेवढा झाला नव्हता. “ह्यो सिनेमा न्हाई मिळाला तर सगळं मोडून डोंगरावर गुलालाचं दुकान टाकतो,” असं ते दर कामाच्या आधी म्हणायचे आणि हसायचे. त्या आठवड्यात म्हणाले, तेव्हा हसले नव्हते.

दोन प्रसंगांचं काम झालं होतं. तिसरा दादांनी मुद्दाम शिल्लक ठेवला होता. दिग्दर्शकाच्या समोर वाजवून दाखवायचा म्हणे, भावजयीवर. चाल त्यांच्या डोक्यात पक्की होती. भावजय तेवढी मिळत नव्हती.

“दादा,” मी म्हणाले, “मी नावं बदलली.”

“कुणाची?”

“सगळ्यांची.”

झालं होतं असं. आदल्या आठवड्यात दादा चैत्री यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गेले होते. नावच जोतीराम, त्यामुळे चार दिवस डोंगर ठरलेला. ते चार दिवस मी स्टुडिओत एकटी होते. मी एकेक टोन वाजवला, ऐकला, आणि डिप्लोमात शिकवलं होतं तसं त्याचं नाव ठेवलं. लीड सॉफ्ट सात. बेस राउंड एकतीस. पॅड एअर बारा. रविवारी काम संपलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःसाठी मिसळ मागवली.

शिस्त लावावी म्हणून मी हे केलं असं मी तेव्हा स्वतःलाही सांगत होते. ते निम्मं खोटं होतं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते सांगायचं तर आधी दादांच्या नजरेबद्दल सांगायला हवं.

दादा माझ्याकडे बघायचे. येता-जाता नव्हे, कामाच्या वेळी. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, समोर स्पीकर, समोर पडदा, आणि हा माणूस आवाजाचं बटण फिरवताना पडद्याकडे बघायचं सोडून थेट माझ्या तोंडाकडे बघायचा. बघणं वाईट होतं असं म्हणता येत नव्हतं. खाली कांडपवाल्या मालनकाकी तराजूच्या काट्याकडे बघायच्या, तसं ते बघणं होतं. पण तेविसाव्या वर्षी कुणी असं रोज सहा तास आपल्याकडे बघावं हे काही सुखाचं नसतं. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “खुर्ची फिरवून बस.” मी फिरवली. दादांनी ती दुसऱ्या दिवशी परत सरळ करून ठेवली.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण दादा डोंगरावर गेले त्या पहिल्या दिवशी मी काहीतरी शोधत होते आणि यादीत मला माझंच नाव दिसलं. ‘शलाका तोंड वाकडं’. खाली ‘शलाका तोंड वाकडं दोन’. मग ‘शलाका आठी’, ‘शलाका डोळे मिटले’, ‘शलाका जांभई’. अशी नऊ. म्हैस, तहसीलदार आणि मी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डिप्लोमाला पहिली आलेली मुलगी मी, आणि ह्या माणसाच्या लेखी मी म्हणजे एक वाकडं तोंड. मी माझी नऊ नावं पुसली, मग त्यांना कळू नये म्हणून बाकीची अकराशे एकतीसही पुसली.

“समद्यांची,” दादा म्हणाले. “जुनी लिहून ठेवली असशील की.”

“बॅकअप घेतलाय.”

“मग झालं तर. त्यातनं काढ.”

“बॅकअप नावं बदलून झाल्यावर घेतला.”

आता काहीतरी उडत येणार म्हणून मी मान आत घेतली. दादांनी एकदा एका भजनी बुवाला ॲडाप्टर फेकून मारला होता. पण ते नुसते खाली बसले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. त्यांना असं शांत बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं आणि मला ॲडाप्टर परवडला असता.

“एवढं काय त्यात, दादा,” मी म्हणाले. “एकेक वाजवू ना आत्ता. ऐकलं की तुम्हाला ओळखू येईल.”

“ऐकलं की,” दादा म्हणाले. मग उठून त्यांनी केसांवर हात फिरवला. “ऱ्हाऊ दे. दुसरं काय तरी लावतो. त्यो आला बघ.”

ओजस गद्रे जिना चढून आला तो खांद्यावर झोळी घेऊन. आल्या आल्या माझ्या खुर्चीत बसला. पाहुणा माणूस, त्याला कोण उठवणार? मी मागे दाराशी स्टुलावर जाऊन बसले, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. तिथून दादांची नुसती पाठ दिसत होती. त्यांच्या नजरेची कटकट नव्हती.

पहिला प्रसंग झाला. “छान,” ओजस म्हणाला. दुसरा झाला. “हं. छान.” पुण्याच्या माणसाने एकाच बैठकीत दोनदा छान म्हटलं की काम जाणार हे ओळखायला डिप्लोमा लागत नाही.

“आता तिसरा,” दादा म्हणाले. “ह्यो मी हितंच वाजवतो.”

तिसऱ्या प्रसंगात दूध घालणारी बाई सकाळी येते तर तालमीला कुलूप असतं. ती किटली खाली ठेवते आणि पायरीवर बसते. दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही. दादांनी माझ्या स्वच्छ, सुबक यादीत वरून खाली बोट फिरवलं, पॅड एअर बारावर थांबले, आणि वाजवायला लागले.

चाल अशी होती की माझी मांडीवरची बोटं थांबली. पण त्या चालीच्या वर, सगळ्याच्या वर, एक शिट्टी होती. बारीक, सरळ, थांबायचं नाव न घेणारी. कुकर होऊन गेलाय आणि घरात गॅस बंद करायला कुणी नाही, तशी. माझ्या दाढा आंबल्या. ओजसने मान खांद्यात घेतली. आणि दादा डोळे मिटून, डुलत, ओठांवर हसू घेऊन वाजवत होते.

तुकडा संपला.

“दादा,” ओजस जपून म्हणाला, “ती शिट्टी मुद्दाम ठेवलीय का? म्हणजे कॉन्सेप्ट म्हणून?”

“कुठली?” दादांनी विचारलं.

पाव्हण्याने वाट विचारावी इतकं साधं त्यांनी विचारलं. कुठली. आणि मला एकेक आठवायला लागलं. स्टुडिओतला यूपीएस बिघडला की टीं टीं करत ओरडायचा. एकदा तो दोन तास ओरडत होता आणि दादा शेजारी बसून चहात खारी बुडवत होते. काय ही एकाग्रता, असं मी मैत्रिणीला कौतुकाने सांगितलं होतं. झांजांचं, टाळांचं काम आलं की दादा म्हणायचे, “वरचं तू बघ गं, शिकशील.” मी शिकत होते म्हणून खूश होते.

“सर, माझी चूक,” मी मागून ओरडलेच. “मागच्या गाण्याचा एक ट्रॅक चालू राहिला. माझ्याकडून. सॉरी, सर.”

ओजस वळला. दादाही वळले. दादांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पकडलं गेल्याचं होतं, आणि सुटल्याचंही.

“ओके,” ओजस म्हणाला. “हे बघा, मी आता जेवायला जातो. चारला मला पुण्याला निघायचंय. त्याआधी येतो, तेव्हा एकदा नीट ऐकवा. पण प्रामाणिकपणे सांगतो, तिकडे एक जण तयार आहे. आज मला काय ते ठरवायचंच आहे.”

तो तांबडा-पांढरा शोधत जिना उतरून गेला. स्टुडिओत आम्ही दोघंच उरलो. सोमवार असल्यामुळे खालून काही आवाज नव्हता.

“शिट्टी हुती?” दादांनी विचारलं.

“होती.”

“केवढी?”

“कुकरची असते तेवढी.”

“म्हंजे मोठी की गं.” ते हसले आणि मग हसायचे थांबले. “तीन वरसं झाली. डाक्टरनं कान तपासल्याचा कागद दावला. चार हजारापतूर रेघ सरळ चाललीया, आणि तितनं पुढं घाट उतरल्यागत खाली. मिरवणुकीत इतकी वरसं त्या भिताडासारख्या स्पीकरफुडं हुबा ऱ्हायलो, आणि काय हुणार? तुमी सांगता त्या वरच्या पट्टीत मला कायसुदिक ऐकू येत न्हाई. दुकान बंद.”

“मशीन घालायचं ना कानात.”

“घालतो की. मशीन घातलेला अरेंजर तू बोलावशील?”

तेव्हा तरी मी बोलावलं नसतं.

“घरी वहिनींना माहितीये?”

“तिला वाटतंय मी तिचं ऐकत न्हाई. ते तसंबी खरंच हाय.”

मला हसू आलं आणि आपण हसतोय ह्याची लाजही वाटली. दादांनी माझ्या यादीकडे बोट केलं. लीड सॉफ्ट एक, लीड सॉफ्ट दोन, लीड सॉफ्ट तीन, अशी कवायतीला उभी केल्यासारखी नावं.

“चांगलं दिसतंय,” ते म्हणाले. “खोटं न्हाई सांगत, लई चांगलं दिसतंय. पण मला ह्यातलं कायच कळत न्हाई गं. भावजय म्हटलं की मला कळायचं. माझी भावजय बोलायला गोड. वरनं एक बारीक सुई असती तिच्या बोलण्यात, पर ती टोचायच्या आत गोडवा येतो. त्यो टोन केला तवा माझं कान शाबूत हुतं, म्हणून तसं नाव ठेवलं. आता ती सुई मला ऐकू येत न्हाई, पर भावजय हाय म्हटल्यावर ती असणारच. तहसीलदार म्हंजे खाली काय तरी सरकवल्याबिगर वाजत न्हाई. म्हैस सुटली म्हंजे आवरायला दोन माणसं पायजेत. ती नावं बघून मी ऐकत हुतो.”

मी अकराशे चाळीस नावं पुसली होती आणि वर मिसळ खाल्ली होती. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून खालच्या मिरचीच्या पोत्यात पडावंसं वाटलं.

“पण तीन वर्षांत तुम्ही नवे टोन केले की,” मी म्हणाले. “ते तर ऐकू येत नसताना केले. त्यांना नावं कशी...”

वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं. दादा माझ्याकडे बघत होते. तेच बघणं, तराजूच्या काट्याकडे बघतात ते.

“तू हायस की,” दादा म्हणाले.

“तोंड वाकडं म्हणजे?”

“वरनं कापायचं. लई बोचतंय.”

“आठी?”

“जरासंच कापायचं.”

“डोळे मिटले?”

“तितं हात लावायचा न्हाई. त्यो टोन झाला.”

“आणि जांभई?”

“त्यो काडून टाकायचा हुता. राहून गेला.”

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “मला वाटलं तुम्ही...”

“काय वाटलं ते ठाव हाय मला. तुझ्या आईनं फोन केलावता.”

“काय?”

“म्हणाली, माझ्या पोरीच्या तोंडाकडं बघत जाऊ नका. मी म्हटलं, ताई, मग काम कसं करू?” त्यांनी कपाळाला हात लावला. “त्यांनी फोनच आपटला.”

आईने हे मला आजवर सांगितलेलं नाही. मीही तिला विचारलेलं नाही.

घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. दादा यादीवरची नजर काढून भिंतीवरच्या जोतिबाच्या फोटोकडे बघत होते. त्यांच्या मनात गुलालाचं दुकान आहे हे मला स्वच्छ दिसलं, आणि ते दुकान त्यांना मीच उघडून देत होते. मला कुणाची एवढी भीती कधी वाटली नव्हती जेवढी त्या क्षणी माझ्याच हुशारीची वाटली. आणि त्या भीतीतच मला ते सुचलं.

“दादा, भावजय कुठल्या गाण्यात वापरली होती?”

“का?”

“सांगा तर.”

गाण्याचं काम कॉम्प्युटरमध्ये जतन केलं की त्या गाण्याच्या पोटात टोनची एक नक्कल जाऊन बसते, नावासकट. यादीतलं नाव नंतर कुणी शहाणीने बदललं तरी जुन्या गाण्याला त्याचा पत्ता नसतो. हे मला डिप्लोमात शिकवलं होतं, आणि चार दिवस हाती असताना ते एकदाही आठवलं नव्हतं.

दादांनी डोळे बारीक केले. “भावजय... भावजय... अगं, रोडरोलर.”

“काय?”

“पाच वरसामागं नगरसेवकाचं गाणं केलंतं. निशाणी रोडरोलर. त्याची आई वारलीवती, तिच्यावर एक कडवं घातलंतं. त्यात भावजय हाय.”

मी ते गाणं शोधून उघडलं. आधी ढोल, मग हलगी, मग चार पोरांचा आरडाओरडा, प्रभागातल्या गटारींची कामं, आणि मग एकदम सगळं थांबून आईचं कडवं. कडव्याच्या मागे काहीतरी हळू तेवत होतं. मी त्या ट्रॅकवर क्लिक केलं. कीबोर्डची खिडकी उघडली आणि वर, नावाच्या चौकटीत, दादांच्या इंग्रजीत लिहिलेलं होतं, भावजय.

“गावली!” दादा एवढ्याने ओरडले की खाली, बंद कांडपामागच्या आपल्या खोलीतून मालनकाकींनी “कोण?” म्हणून विचारलं.

“भावजय!” मी ओरडले.

“बरं झालं बाई,” काकी खालून म्हणाल्या.

पुढचे तीन तास आम्ही जेवलो नाही. दादांनी तो प्रसंग भावजयीवर वाजवला, मग परत वाजवला. मी शेजारच्या खुर्चीत बसून होते. दादा बघत होते आणि मी माझं तोंड लपवत नव्हते.

पावणेचारला ओजस आला, पांढऱ्या रश्श्याने जड झालेला. सवयीने माझ्या खुर्चीकडे वळला.

“थांबा,” दादा म्हणाले. “ती इंजिनीअरबाईंची खुर्ची हाय. तुमी सोफ्यावर बसा. तितं चांगलं ऐकू येतंय.”

तिथे चांगलं ऐकू येत नव्हतं, पण ओजस बसला. पडद्यावर बाई आली, कुलूप बघितलं, किटली ठेवली, पायरीवर बसली. दादांनी वाजवलं. भावजय गोड आली, आणि त्या गोडव्यात ती बारीक सुई होती. नेमकी तिथे होती जिथे ती बाई कुलपाला एकदा नुसता हात लावून बघते.

संपल्यावर ओजस छान म्हणाला नाही, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

“हा आवाज कुठून आणलात?” त्याने शेवटी विचारलं.

“घरचाच हाय,” दादा म्हणाले.

“फक्त एक करता येईल का? शेवटी ती उठते ना, तिथे वरून थोडा उघडा. थोडा उजेड हवाय. अगदी थोडा. जास्त झाला तर टोचेल.”

वरून. दादांना जिथे काहीच ऐकू येत नव्हतं, नेमकं तिथे. माझा हात माउसकडे गेला, पण दादांनी बटण स्वतःच धरलं. तुकडा परत सुरू केला. मग खुर्ची वळवली, दिग्दर्शकाकडे पाठ करून, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत ते बटण फिरवायला लागले. हळू. आणखी हळू. एका ठिकाणी माझ्या कपाळाला आठी पडली असावी, कारण ते मागे आले. पुन्हा पुढे गेले. मी काय ऐकत होते ते माझ्या तोंडावर येऊ देत होते, एवढंच माझं काम होतं, आणि आयुष्यात मी एवढं कठीण काम दुसरं केलेलं नाही. बाई उठली. किटली उचलली. आवाज उघडत गेला, उघडत गेला, आणि एका जागी दादांचा हात थांबला.

“हितं,” दादा म्हणाले.

“इथेच!” ओजस सोफ्यावरून म्हणाला. “दादा, कान आहेत की काय आहेत तुमचे!”

दादांनी मान तुकवून ते कौतुक घेतलं. जाताना ओजसने दोन्ही हातांनी दादांचा हात धरला. सिनेमा तुमचा, म्हणाला. पुण्यातल्या त्या दुसऱ्या माणसाला जिन्यातूनच त्याने फोन लावला, आम्हाला ऐकू आलं. म्हणजे मला ऐकू आलं, मी दादांना सांगितलं.

पुढचं सांगून टाकते आणि मग मागे येते. सिनेमा निघाला, दोन आठवडे चालला, आणि दादांना आणखी चार मिळाले. जुनी गाणी एकेक उघडून नावं परत लावायला आम्हाला तीन महिने लागले. अकराशे चाळीसपैकी नऊशे बारा सापडली. बाकीच्यांना मी वाजवायची, दादा माझ्याकडे बघायचे आणि बारसं करायचे. दादांच्या कानांबद्दल मी कुणाला कधी बोलले नाही. आता दादा नाहीत, वहिनी हे वाचणार नाहीत, आणि ओजसला कळलं तर कळू दे.

तर त्या सोमवारी. ओजस गेल्यावर दादांनी तो शेवटचा, वरून उघडलेला टोन साठवायला घेतला. नावाची चौकट उघडली. दादा एका बोटाने टाइप करायचे, प्रत्येक अक्षर शोधून, नवीन गावात घर शोधावं तसे. मी शेजारी बसून बघत होते. शलाका, त्यांनी लिहिलं. मग थोडं थांबून पुढचा शब्द लिहिला. रडली.

“दादा, मी काही रडलेबिडले नाही,” मी नाक ओढत म्हणाले. “खालून मिरची येतेय.”

दादांनी बटण दाबून टोन साठवला.

“आज सोमवार हाय,” ते म्हणाले.